चिखलातले बुडबुडे

कुडाळजवळच्या मावशीच्या घरी परसात, गोठ्याला लागून, एक टाकी आहे. जमिनीत बांधलेल्या विहिरीत उलटी सोडलेली लोखंडी टाकी, काळा रंग दिलेली, कडेने गंजलेली. सकाळी ती विहिरीच्या काठावर हातभर वर आलेली असते आणि दुपारची जेवणं होईपर्यंत खाली बसते. मावशीचा स्वयंपाक त्या टाकीच्या उंचीवर ठरतो. मी मे महिन्यात गेले तेव्हा घरात पाहुणे जास्त होते. अकराच्या सुमारास तिने मागच्या दारातून एक नजर टाकली आणि म्हणाली, "टाकी बसली. आता डाळ चुलीर ठेवतंय."

लहानपणी सुट्टीत शेण कालवायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. पाटीभर शेण, तेवढंच पाणी, हाताने गुठळ्या फोडायच्या, गवताच्या काड्या वेचून टाकायच्या आणि तो काला एका बाजूच्या पाइपातून आत सोडायचा. दुसऱ्या बाजूने पातळ रबडी बाहेर यायची, ती माडाच्या आळ्यात जायची. मधल्या अंधारात काय होत होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बघायचो ते शेगडीवरची ज्योत, निळी आणि जवळजवळ न दिसणारी. काडी लावली की 'फप्प' आवाज व्हायचा आणि आम्ही मागे सरायचो.

त्या अंधारात हवा नसते. हवा नसेल तिथे जगणारे अतिसूक्ष्म जीव शेण खातात आणि त्यातून मिथेन सुटतो. टाकीतल्या वायूत साठ टक्क्यांच्या आतबाहेर मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. किलोभर ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर वायू मिळतो, म्हणून चार-पाच गुरं असलेल्या घराचा स्वयंपाक निघतो. गुरं कमी झाली की टाकी बसू लागते. मावशीकडे आता दोनच गायी आहेत.

मी राहते चेंबूरला. वाऱ्याची दिशा बदलली की रात्री आमच्या खिडकीतून देवनारच्या डंपिंगचा वास येतो. त्या कचऱ्याच्या डोंगराच्या पोटातही तोच अंधार आहे, तेच जीव आहेत आणि तोच वायू आहे. मावशीची टाकी आणि देवनारचा डोंगर या दोन टोकांच्या मध्ये हा लेख आहे. हवामानबदलाबद्दल आपण बोलतो तेव्हा कारखान्याचं धुरांडं डोळ्यांसमोर येतं. मला मात्र चिखल आठवतो.

आंब्याच्या बागायतदाराला हरितगृह वायूंचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात आभाळ निरभ्र असलं की रात्री थंडी पडते आणि पहाटे दंव पडतं. मळभ आलं की रात्र उबदार जाते, दंव पडत नाही, आणि मोहराच्या काळजीने माणूस झोपत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडते. आभाळ मोकळं असेल तर ती निघून जाते, ढग आणि दमटपणा असेल तर वाटेत अडते आणि काही भाग जमिनीकडे परततो. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने जाते. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू उन्हाला वाट देतात आणि या किरणांना अडवतात. ते मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. आहे ते वर १५ अंशांच्या जवळपास. म्हणजे हे वायू आपले वैरी नव्हेत, त्यांच्यामुळेच आपण आहोत. प्रश्न मळभ किती दाट व्हावं याचा आहे.

हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांत एक बाई होत्या. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर निवायला सर्वांत जास्त वेळ लागला. १८५६ च्या ऑगस्टमध्ये ऑल्बनीला भरलेल्या विज्ञानसभेत त्यांचा निबंध वाचला गेला, पण तो जोसेफ हेन्री यांनी वाचला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे फूटबाईंनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. पुढे दीडशे वर्षं त्यांचं नाव जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी काटेकोर मोजमापं सुरू केली. हवेतला नव्याण्णव टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळजवळ अडवत नाहीत, अडवतात ते चिमूटभर असलेले बाकीचे वायू, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी तपासलेल्या वायूंमध्ये दलदलीचा वायूही होता. मिथेनचं हे जुनं नाव, आणि मला तेच जास्त खरं वाटतं.

हे नाव पडलं ते बॅटरीमुळे ओळखल्या जाणाऱ्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या काळात. १७७६ मध्ये इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठी त्यांनी काठीने तळाचा गाळ ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. भाताच्या खाचरात लावणीला उतरलेल्या प्रत्येक माणसाने हे बुडबुडे पाहिले आहेत. पोटरीपर्यंत पाय चिखलात जातो आणि पायाच्या भोवती 'बुडुक बुडुक' करत हवा वर येते. ती हवा म्हणजे बऱ्याच अंशी हाच वायू.

आकडे सांगायलाच हवेत, कारण मिथेनचा हिशोब कार्बन डायऑक्साइडपेक्षा वेगळा आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर अब्ज कणांमागे मिथेनचे सातशेच्या थोडे वर कण होते, आज ते १९०० च्या पुढे आहेत. त्याच काळात कार्बन डायऑक्साइड दर दशलक्षात २८० वरून ४२० च्या पुढे गेला. प्रमाण तोललं तर मिथेन नगण्य वाटतो. पण हवेत सोडलेला एक टन मिथेन पहिल्या वीस वर्षांत एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हे प्रमाण अठ्ठावीस पटींच्या आसपास उतरतं, कारण मिथेन टिकत नाही. हवेतल्या हायड्रॉक्सिल नावाच्या अल्पजीवी कणांशी गाठ पडून बारा-एक वर्षांत तो मोडतो आणि त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होतात. मानवाने आजवर वाढवलेल्या मिथेनमुळे पृथ्वी सुमारे अर्धा अंश तापली, असा आंतरराष्ट्रीय हवामान तज्ज्ञगटाचा २०२१ चा अंदाज आहे. कार्बन डायऑक्साइडचा वाटा पाऊण अंशाच्या थोडा वर. २०२४ हे साल कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून थोडं अधिक तापलेलं होतं, आजवरचं सर्वांत उष्ण.

या हिशोबातली खरी आशा मिथेनच्या न टिकण्याच्या गुणधर्मात आहे. आज कोळसा जाळून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या डोक्यावरही असेल. मिथेन आज थांबवला तर वीस वर्षांत फरक दिसेल, माझ्या मावशीच्या नातीला दिसेल. म्हणून मी या वायूबद्दल एवढं आग्रहाने लिहिते आहे. कोळसा आणि तेल सोडण्याला याने पर्याय मिळत नाही, एवढं मात्र इथेच स्पष्ट म्हणायला हवं.

मग हा येतो कुठून? जगात माणसाच्या कामांतून निघणाऱ्या मिथेनपैकी साधारण चाळीस टक्के शेती आणि पशुपालनातून येतो, पस्तीस टक्के कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूच्या व्यवहारातून, आणि वीस टक्के कचरा व सांडपाण्यातून. गायीच्या बाबतीत एक गैरसमज सगळीकडे दिसतो. तिचा मिथेन बहुतेक सगळा तोंडावाटे येतो, ढेकरेतून. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात गवत आंबतं, तिथले जीव हायड्रोजनची विल्हेवाट लावताना मिथेन करतात, आणि गाय शांतपणे डोळे मिटून तो सोडत राहते. आपल्याकडची लहान चणीची गाय दिवसाला शंभर-दीडशे लिटर सोडते, परदेशी वाणाची मोठी दुभती गाय त्याच्या दुपटी-तिपटीने. पण ती मोठी गाय दूधही कितीतरी पटीने देते. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या. त्यांतली कितीतरी जनावरं गवताच्या काडीवर आणि पेंढ्यावर जगतात. निकस चारा जितका जास्त, तितका लिटरभर दुधामागचा मिथेन जास्त. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं खाद्यपूरक तयार केलं आहे, त्याने हा वायू सतरा ते वीस टक्क्यांनी घटतो असं संस्था सांगते. त्यापेक्षा साधी गोष्ट म्हणजे हिरवा चारा. ती कोकणात मार्चनंतर मिळत नाही, एवढीच अडचण.

भाताची कथा जास्त सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या देशाचा एक लढा आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी केलेल्या एका अंदाजात म्हटलं होतं की, भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघतो. हा आकडा आपल्या खाचरांत उतरून काढलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरची मोजमापं घेतली आणि भारतातल्या भाताच्या क्षेत्राने गुणली. हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू होण्याचा तो काळ होता. असा आकडा कायम झाला असता तर जगाच्या टेबलावर भात खाणारा माणूस आरोपी म्हणून बसला असता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांनी हा आकडा मानला नाही. मित्रा मूळचे आयनांबराचे, म्हणजे आभाळाच्या अगदी वरच्या थराचे संशोधक. त्यांनी १९९१ मध्ये देशभरातल्या संस्था जमवून भातशेतीवर मोजणीची मोहीम काढली. पद्धत साधी आणि कष्टाची. भाताच्या चार-सहा चुडांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, कडा पाण्यात बुडवून बंद करायच्या, ठरावीक मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा ओढायची, ती कुपीत भरायची आणि प्रयोगशाळेत तिच्यातला मिथेन मोजायचा. हे चिखलात उभं राहून, पीक लहान असल्यापासून पिकेपर्यंत, वेगवेगळ्या प्रांतांत. निघालेला आकडा सुमारे ४० लाख टन होता. नऊ पटींहून अधिक फरक.

एवढा फरक का पडला, ते कोकणातल्या खाचराच्या बांधावर उभं राहिलं की कळतं. माझा मावसभाऊ दादा जमीन करतो. त्याच्या वरच्या भरडी कुणग्यात पाऊस चार दिवस थांबला की पाणी जिरतं, जमिनीला भेगा दिसू लागतात, हवा आत जाते. हवा गेली की मिथेन करणाऱ्या जीवांचं काम बंद पडतं. भारतातली बरीचशी भातशेती अशी पावसाच्या मर्जीवरची, पाणी येतं-जातं अशी, आणि जमिनीत कुजकी द्रव्यं कमी असलेली. सतत तुडुंब भरलेल्या शेताचं माप तिला लावणं चूकच होतं. खालच्या मळ्यात, जिथे पाणी हलतच नाही, तिथे बुडबुडे जास्त येतात आणि वास येतो, हे दादाला कुठल्याही पेटीशिवाय माहीत आहे. भाताचं रोपच वायूची वाट बनतं, हे मात्र मी त्याला सांगितलं. भाताच्या काडीत मुळांना हवा पोचवणाऱ्या पोकळ नळ्या असतात. त्याच नळ्यांतून चिखलातला बहुतेक मिथेन वर निघून जातो, बुडबुडा न होता. दादाने एक चूड उपटला, काडी नखाने चिरली आणि बराच वेळ बघत बसला.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाणी आलटून पालटून द्यायची रीत रूढ केली. शेतात भोकांचा एक नळ पुरायचा, पाणी जमिनीखाली वीतभर उतरलं की मगच पुन्हा भरायचं. मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो, उत्पन्न घटत नाही. पंजाबात ती चालेल. आपल्याकडे पाणी वरून येतं, त्याला आलटून पालटून ये म्हणता येत नाही. कर्जत तालुक्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा भात तंत्र मला म्हणून जास्त जवळचं वाटतं. गादीवाफे करायचे, त्यांवर भात टोकायचा, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. मूळ हेतू मजुरी वाचवण्याचा आणि जमिनीचा पोत राखण्याचा. चिखलच होत नाही, तेव्हा वायूला जागा कमी राहते. दादा म्हणतो, तण कोण काढणार? प्रश्न बरोबर आहे. त्याने यंदा दोन गुंठ्यांत करून बघितलं.

मित्रांची मोजणी सुरू होती त्याच वर्षी, १९९१ मध्ये, अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातर्फे एक पुस्तिका काढली. वॉशिंग्टनच्या एका संस्थेने मोठ्या प्रदूषक देशांच्या यादीत भारताला पहिल्या पाचांत बसवलं होतं, तिला हे उत्तर होतं. त्यांचा सवाल थेट होता. पश्चिम बंगालमधल्या किंवा थायलंडमधल्या गरीब शेतकऱ्याच्या खाचरातला मिथेन आणि युरोप-अमेरिकेतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसा टाकता? जगण्यासाठी सोडलेला वायू वेगळा आणि चैनीसाठी सोडलेला वेगळा. हे वाचून मला आजही बळ येतं. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा झाली, दीडशेहून अधिक देश तिच्यात आले, भारत आला नाही. त्यामागे हाच युक्तिवाद आहे आणि दादाच्या खाचरापुरता तो मला पूर्ण मान्य आहे.

पण देवनार हे खाचर नव्हे. मुंबईत फेकलेलं अन्न कुणाच्याही जगण्यासाठी कुजत नाही. गरिबाच्या गायीची आणि भाताची ढाल पुढे करून शहरांनी आपला कचरा तिच्यामागे लपवावा, याचा मला राग येतो.

देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातो आहे. सव्वाशे हेक्टरांच्या आसपास जमीन, एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफिकनगर. ओला कचरा खाली दाबला जातो, वर नवा पडतो, हवा संपते आणि मावशीच्या टाकीतलं काम तिथे सुरू होतं. फक्त वर टाकी नसते. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे आग लागली ती कित्येक दिवस धुमसली. आतून सुटणारा वायू अशा आगीला खाद्य पुरवतो, म्हणून वरून पाणी मारून ती विझत नाही. धुराचा पट्टा नासाच्या उपग्रहाने टिपला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या घरात आम्ही खिडक्यांच्या फटींत ओल्या चादरी कोंबल्या होत्या आणि माझी आई रात्रभर उशीला टेकून बसली होती. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नीट होईपर्यंत शहरातल्या नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती शिथिल केली.

आगीचा धूर दिसतो, मिथेन दिसत नाही. आता मात्र तो वरून दिसतो. २०१७ मध्ये सोडलेल्या एका युरोपीय उपग्रहावरचं यंत्र रोज पृथ्वीभरचा मिथेन मोजतं, आणि एका कॅनेडियन कंपनीचे लहान उपग्रह तो नेमका कुठून उठतो ते दाखवतात. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ही दोन्ही मापं जोडून ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांकडे पाहिलं. शहरांचा मिथेन कागदोपत्री अंदाजांच्या दीड ते अडीच पटींच्या घरात निघाला. मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे दहा टन. मी हा आकडा स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये मोजून पाहिला. वजनाने तासाला सातशे सिलिंडर होतात. मित्रांनी एकेकाळी सिरिंजने परदेशी अंदाज खोटा पाडला होता. या वेळी कागदोपत्री अंदाज कमी पडला होता, आणि मोजणी परदेशातून झाली असली तरी ती बरोबर होती.

मिथेन जाळला की काय होतं, हे इथे महत्त्वाचं आहे. एक किलो मिथेन जळून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तसाच सोडला तर वीस वर्षांच्या हिशोबात तो ऐंशी किलोंच्या वर काम करतो. मावशीच्या शेगडीवर डाळ शिजते तेव्हा हा फरक घडत असतो. हे मुंबईला नवीन नाही. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्यातून निघालेल्या वायूवर दिवे लावले होते, अशी नोंद आहे. गोराईचं डंपिंग बंद झाल्यावर तो डोंगर मातीने आणि प्लास्टिकच्या थराने झाकला, आत नळ्या सोडल्या आणि जमा होणारा वायू जाळला. इरावती कर्व्यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारं, गच्चीत मावणारं सयंत्र केलं आणि २००६ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. दोन किलो खरकट्यावर तासाभराचा स्वयंपाक होऊ शकतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' उभं केलं. एवढी माणसं, एवढे प्रयोग, सगळे आपल्या हाताशी.

सयंत्रांचं गुणगान एका अटीवर. गळकी टाकी ही न बांधलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण उघड्यावर वाळलेली गोवरी मिथेन फारसा करत नाही, बंद टाकी भरपूर करते. नळीचा सांधा सुटला, झडप खराब झाली, तर आपण वायू तयार करून आभाळात सोडतो. मावशी दर महिन्याला सांध्यांना साबणाचा फेस लावून बघते. कुठे फुगा आला की दादाला हाक मारते.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी ओला कचरा वेगळा ठेवायचं ठरलं. हिरवी बादली, निळी बादली, जिन्यात कागद चिकटवला. काही आठवड्यांनी मला दिसलं की, खाली दोन्ही बादल्या एकाच पिंपात रित्या होत होत्या, कारण दुसरं पिंप आणलंच नव्हतं. सफाईला येणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या ओशाळल्या. चूक त्यांची नव्हती. दुसरं पिंप मी आणि शेजारच्या काकांनी जाऊन आणलं, मागच्या जागेत दोन खड्डेही केले. सुकी पानं आणि ओला कचरा थरावर थर, वरून हवा खेळती.

पहिल्या दिवशी खड्ड्याशी उभं राहून मी बाईंना मिथेनचं सांगत होते, कचरा दाबायचा नाही, पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर खाली वायू होतो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, मी रफिकनगरात वाढले. डंपिंगवर पावसात डबकी साचायची ना, त्यात चहा उकळल्यासारखे बुडबुडे यायचे. पाणी थंडगार असायचं. आम्ही पोरं माचीस घेऊन जायचो. काडी जवळ नेली की भक् करून पेटायचं."

त्यांनी हाताने दाखवलं, केवढा जाळ यायचा ते. गुडघ्याएवढा.